कमी ऑक्सिजनचा उपचार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस: चालणे खरेच सुधारते का?

कोविडच्या साथीत घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. आकडा ९४ च्या खाली गेला की घरात धावपळ सुरू व्हायची. त्यामुळे ‘मुद्दाम कमी ऑक्सिजन देऊन पायांची ताकद वाढवतात’ असे कोणी सांगितले, तर पटकन विश्वास बसत नाही. पण अशा उपचारावर गेली अनेक वर्षे गंभीरपणे संशोधन चालू आहे. त्याचे वैद्यकीय नाव ‘अक्यूट इंटरमिटंट हायपॉक्सिया’, म्हणजे थोड्या थोड्या वेळासाठी, अधूनमधून दिलेला कमी ऑक्सिजन. या लेखात आपण त्याला ‘एआयएच’ म्हणू.

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असलेले रुग्ण, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा त्यांचे नातेवाईक, मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ दाखवून विचारतात, “डॉक्टर, हे आपल्याकडे मिळेल का? घरी करता येईल का?” प्रश्न अगदी रास्त आहे. ज्या माणसाला जिना चढताना कठडा सोडता येत नाही, त्याला कोणतीही आशा लहान वाटत नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे.

थोडक्यात सांगायचे तर

- एआयएच हा एमएस बरा करणारा उपचार नाही. आजार रोखणाऱ्या औषधांची जागा तो घेऊ शकत नाही.
- त्यामुळे काही काळ स्नायूंना मिळणारा संदेश बळकट होऊ शकतो. त्या वेळात व्यायाम केला, तर व्यायामाचा फायदा वाढावा, अशी यामागची कल्पना आहे.
- याचा चांगला पुरावा मुख्यतः मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्या रुग्णांत मिळाला आहे. एमएसमध्ये काम अजून सुरुवातीच्या टप्प्यावर आहे.
- हा उपचार घरी करून पाहणे धोक्याचे आहे.

आता एकेक मुद्दा सविस्तर पाहू.

एमएसमध्ये चालणे का बिघडते?

मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंभोवती मायलिनचे आवरण असते. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टन असते, तसेच हे. एमएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. आवरण जागोजागी खराब झाले की संदेश मंदावतो, अडखळतो किंवा पोचतच नाही. काही ठिकाणी आतला तंतूही तुटतो.

पायांपर्यंत जाणारा संदेश मेंदूपासून मज्जारज्जूच्या खालच्या भागापर्यंत लांबचा प्रवास करतो. त्यामुळे वाटेत कुठेही बिघाड झाला तरी चालण्यावर परिणाम होतो. पाऊल उचलताना चवडा खाली लोंबतो, पाय कडक होतात, तोल जातो, थोडे चालले तरी थकवा येतो. स्नायू अनेकदा तसे धडधाकट असतात. अडचण असते ती त्यांच्यापर्यंत हुकूम पोचण्याची.

मात्र सगळे तंतू तुटलेले नसतात. बरेच तंतू शिल्लक असतात, पण त्यांचा आवाज क्षीण झालेला असतो. हा उरलेला आवाज मोठा करता आला तर? एआयएचची सारी कल्पना याच प्रश्नातून पुढे येते.

हा उपचार नेमका कसा देतात?

रुग्णाला खुर्चीत बसवून किंवा आडवे करून चेहऱ्यावर मास्क लावतात. मास्क एका यंत्राला जोडलेला असतो. आपण रोज जी हवा घेतो तिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्र एक ते दीड मिनिट साधारण ९ टक्के ऑक्सिजन असलेली हवा देते. मग एक ते दीड मिनिट पुन्हा नेहमीची हवा. असे सुमारे १५ वेळा करतात. सगळे मिळून अर्धा ते पाऊण तास लागतो.

९ टक्के म्हणजे किती कमी? एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३०० मीटरपेक्षा उंचावर आहे. तिथल्यापेक्षाही हा ऑक्सिजन कमी आहे. फरक इतकाच, की इथे तो जेमतेम एका मिनिटासाठी असतो. तेवढ्या वेळात बोटावरचा आकडा साधारण ८० ते ८५ च्या आसपास उतरतो आणि नेहमीची हवा मिळताच वर येतो. संपूर्ण वेळ नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवलेले असते. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला किंवा रुग्णाला चक्कर, छातीत दुखणे, घाबरल्यासारखे वाटणे असा त्रास झाला, तर उपचार तिथेच थांबवतात.

कमी ऑक्सिजनने ताकद कशी वाढेल?

याचे मूळ श्वासाच्या अभ्यासात आहे. आपल्या मानेत, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. तिला कॅरोटिड बॉडी म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती मेंदूला सावध करते आणि श्वास जोरात सुरू होतो.

१९८० मध्ये मिलहॉर्न, एल्ड्रिज आणि वॉलड्रॉप या शास्त्रज्ञांनी मांजरांवरील प्रयोगांत एक वेगळी गोष्ट पाहिली. या गाठीकडून येणाऱ्या नसेला उत्तेजन देऊन थांबवले, तरी श्वासाचा वाढलेला जोर बराच वेळ टिकून राहत होता. जणू चेतासंस्थेने ती गोष्ट लक्षात ठेवली होती. यात सेरोटोनिन या रसायनाचा हात असल्याचेही त्यांनी दाखवले.

पुढे गॉर्डन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर काम करून यातील पायऱ्या उलगडल्या. त्या साधारण अशा आहेत:

१. ऑक्सिजन कमी होतो आणि कॅरोटिड बॉडी मेंदूच्या खालच्या भागाला इशारा देते.

२. तिथून मज्जारज्जूत सेरोटोनिन सोडले जाते.

३. सेरोटोनिनमुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशींत ‘बीडीएनएफ’ नावाचे प्रथिन तयार होते. चेतापेशींमधले जोड बळकट करण्याचे काम हे प्रथिन करते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे प्रथिन अडवले, तेव्हा एआयएचचा परिणामच दिसला नाही.

४. जोड बळकट झाले की वरून येणारा तोच क्षीण संदेश आता स्नायूला जास्त जोराने हलवू शकतो.

हा परिणाम फक्त श्वासाच्या स्नायूंपुरता मर्यादित नसावा, हात-पायांनाही तो लागू व्हावा, या विचाराने मग माणसांत अभ्यास सुरू झाले.

शेतीतले उदाहरण घेतले तर हे चटकन समजेल. पाऊस पडून गेला, जमीन वाफशावर आली, की त्या दोन-चार दिवसांत पेरणी करावी लागते. वाफसा म्हणजे पीक नव्हे. पेरणी केलीच नाही तर वाफसा येतो आणि निघून जातो. एआयएच फार तर वाफसा आणतो. पेरणी म्हणजे चालण्याचा सराव, तोल सांभाळण्याचा सराव, ताकदीचे व्यायाम. ती तुम्हालाच करावी लागते. ‘मास्क लावून बसलो आणि पाय सुधारले’ असा हा उपचार नाही.

अभ्यासांत काय दिसले?

*मज्जारज्जूची इजा.* अपघातात मज्जारज्जूला अर्धवट इजा झालेल्या १३ जणांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एआयएचच्या एकाच सत्रानंतर त्यांची घोटा खाली दाबण्याची ताकद लगेच वाढली आणि ही वाढ दीड तासानंतरही मोजता आली. त्याच माणसांना वेगळ्या वेळी मास्कमधून फक्त साधी हवा दिली, तेव्हा तसा फरक पडला नाही.

२०१४ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात १९ रुग्णांचा अभ्यास आला. यात सलग पाच दिवस एआयएच देण्यात आला. १० मीटर चालण्याचा वेळ सुधारला. एआयएचनंतर चालण्याचा सराव करून घेतला, तेव्हा सहा मिनिटांत कापलेले अंतरही वाढले. नुसत्या एआयएचपेक्षा एआयएच आणि सराव ही जोडी दमदार ठरली. वाफसा आणि पेरणी यांची ही गोष्ट तिथे आकड्यांत दिसली.

*एमएस.* मज्जारज्जूच्या इजेप्रमाणेच एमएसमध्येही काही तंतू शिल्लक असतात. म्हणून हीच पद्धत एमएसमध्ये चालेल का, हे तपासले जाऊ लागले. शिकागोतील शर्ली रायन ॲबिलिटीलॅब या पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी असे काम होते आहे. हे अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत. घोट्याची ताकद वाढते का, चालण्याचा वेग सुधारतो का, आणि एमएसच्या रुग्णाला हे झेपते का, हे त्यात पाहतात. मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन, महिनोन्महिने पाठपुरावा करून मिळालेला पुरावा हवा असतो, तो अजून यायचा आहे.

याला जवळचा आणखी एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. २०१८ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी एमएसच्या ३४ रुग्णांचे दोन गट केले. दोघांनीही चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, व्यायाम केला. एका गटाने तो साध्या हवेत केला, तर दुसऱ्याने सुमारे ३,००० मीटर उंचीइतका ऑक्सिजन असलेल्या खोलीत. व्यायाम दोन्ही गटांना झेपला, पण कमी ऑक्सिजनचा गट दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरला नाही. ही पद्धत एआयएचपेक्षा वेगळी आहे हे खरे. तरी तिच्यातून एक गोष्ट शिकावी: ‘कमी ऑक्सिजन’ हे शब्द जोडले म्हणून कोणताही व्यायाम आपोआप जास्त गुणकारी होत नाही.

एमएसमधली खास अडचण

मज्जारज्जूची इजा एकदा होते. एमएस हा चालू असलेला आजार आहे. त्यामुळे दोन शंका गंभीरपणे घ्याव्या लागतात.

पहिली शंका दाहाची. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की शरीरात थोडासा दाह निर्माण केला तरी एआयएचचा परिणाम दबून जातो. एमएस तर मुळातच दाहाचा आजार आहे. म्हणजे ज्याचा आजार त्या वेळी सक्रिय आहे, त्याला कदाचित काहीच फायदा होणार नाही. म्हणूनच अशा अभ्यासांत सहसा आजार स्थिर असलेले रुग्णच घेतात.

दुसरी शंका याहून महत्त्वाची आहे. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये एमएससारखा आजार निर्माण केलेल्या उंदरांचा मज्जारज्जू तपासला. दाह असलेल्या भागात ऑक्सिजन आधीच कमी असल्याचे त्यांना आढळले, आणि जास्त ऑक्सिजन दिल्यावर त्या उंदरांच्या हालचाली काही प्रमाणात सुधारल्या. जिथे आधीच टंचाई आहे तिथे आणखी कपात केली तर नुकसान होणार नाही ना, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो. एक मिनिटाची घट आणि तासन्‌तासांची घट यांत फार फरक आहे, हे मान्य. पण एमएसमध्ये सुरक्षिततेची खात्री वेगळी करून घ्यावी लागते. मज्जारज्जूच्या इजेतला निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाही.

जास्त ऑक्सिजनचा जुना धडा

एमएस आणि ऑक्सिजन यांची गाठ यापूर्वीही पडली आहे, फक्त उलट दिशेने. १९८३ मध्ये एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ४० रुग्णांचा अभ्यास आला. त्यांना जास्त दाबाच्या बंद कक्षात शुद्ध ऑक्सिजन दिला होता. याला हायपरबेरिक ऑक्सिजन म्हणतात. काही रुग्णांत सुधारणा दिसली आणि एमएसच्या जगात मोठी खळबळ उडाली. अनेक ठिकाणी रुग्णांसाठी असे कक्ष उभे राहिले.

मग मोठे अभ्यास झाले. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात ठोस फायदा दिसला नाही. पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही एमएससाठी हा उपचार नेहमी द्यावा असा पुरावा मिळाला नाही. तरीही आजही काही खासगी केंद्रे एमएससाठी हायपरबेरिक ऑक्सिजन देऊ करतात आणि रुग्ण त्यावर पैसे खर्च करतात.

पहिल्या अभ्यासातले रुग्ण खोटे बोलत नव्हते आणि संशोधकही प्रामाणिक होते. पण एमएसमध्ये लक्षणे स्वतःहून कमी-जास्त होतात. नवा उपचार मिळतो आहे या उमेदीनेही माणूस काही दिवस बरा चालतो. छोट्या गटात या गोष्टी सहज फसवतात. म्हणून एआयएचबद्दल आज जे छोटे आणि उत्साहवर्धक निष्कर्ष येत आहेत, ते वाचताना १९८३ आठवावे.

सगळे काही मात्रेवर अवलंबून

तुमच्या ओळखीत एखादी व्यक्ती जोरात घोरत असेल, झोपेत तिचा श्वास मध्येच थांबत असेल. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. यातही ऑक्सिजन खाली जातो आणि वर येतो, पण रात्रभर, शेकडो वेळा, महिनोन्‌महिने. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, स्मरणशक्तीवर परिणाम होतो.

म्हणजे एकच गोष्ट थोडी दिली तर उपयोगी आणि जास्त झाली तर घातक. २०१४ मध्ये नवारेते-ओपाझो आणि मिचेल यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ९ ते १६ टक्के ऑक्सिजन आणि दिवसाला ३ ते १५ आवर्तने, या मर्यादेत फायदे दिसतात, असे त्यांनी मांडले. याहून कमी ऑक्सिजन किंवा याहून खूप जास्त आवर्तने झाली, की नुकसान दिसू लागते. औषधाच्या गोळीप्रमाणेच इथेही मात्रा चुकली तर औषधच अपाय करते.

कोणी यापासून लांब राहावे?

पुढीलपैकी काही असेल तर कमी ऑक्सिजन धोक्याचा ठरू शकतो:

- हृदयविकार, छातीत दुखण्याचा त्रास, हृदयाचे ठोके अनियमित असणे
- काबूत नसलेला रक्तदाब
- दमा, सीओपीडी किंवा फुप्फुसाचा दुसरा गंभीर आजार
- फिट येण्याचा त्रास (एमएसमध्ये तो इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो)
- उपचार न घेतलेला स्लीप ॲप्निया
- गरोदरपण
- रक्तक्षय
- सिकलसेल आजार
- एमएसचा ताजा झटका, ताप किंवा जंतुसंसर्ग

यांतले दोन मुद्दे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावेत. आपल्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय फार आहे आणि एमएसही पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. सिकलसेल आजार विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत आढळतो. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात. अशा व्यक्तीला मुद्दाम कमी ऑक्सिजन देणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*श्वास रोखून धरला तर हाच परिणाम मिळेल का?*
नाही. साधारण माणूस थोडा वेळ श्वास रोखतो तेव्हा ऑक्सिजन फारसा उतरत नाही. त्याआधीच कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि श्वास घ्यावासा वाटतो. मन शांत करण्यासाठी सावकाश प्राणायाम जरूर करा, पण तो एआयएच नव्हे. हट्टाने श्वास कोंडून धरू नका. चक्कर येऊन पडाल.

*व्यायामासाठी ‘उंचीचा मास्क’ मिळतो, तो चालेल का?*
अशा बहुतेक मास्कमुळे हवा ओढायला जोर लागतो, एवढेच. आत येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन जवळपास तेवढाच असतो. एमएसमध्ये श्वासाचे स्नायू आधीच दमलेले असू शकतात. त्यांना विनाकारण त्रास देऊ नका.

*महाबळेश्वरला किंवा लडाखला राहून फायदा होईल का?*
महाबळेश्वरची उंची साधारण १,३५० मीटर आहे. तिथे ऑक्सिजनमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही. बरे वाटते ते गारव्याने, आणि त्याचे कारण पुढे दिले आहे. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथे ऑक्सिजन कमी असतो, पण तो रात्रंदिवस कमी असतो. हा प्रकारच निराळा आहे. शिवाय उंचीवरचे आजार होऊ शकतात. सहलीला जायचे असेल तरी आधी डॉक्टरांना विचारा.

*यंत्र विकत घेऊन घरी केले तर?*
करू नका. खेळाडूंसाठी बनवलेली अशी यंत्रे विकत मिळतात हे खरे. पण ऑक्सिजन ८० पर्यंत उतरलेला माणूस भोवळ येऊन पडला, त्याला फिट आली, छातीत दुखू लागले, तर शेजारी प्रशिक्षित माणूस आणि ऑक्सिजनची सोय असावी लागते. स्वस्त ऑक्सिमीटर या पातळीला चुकीचा आकडा दाखवू शकतो. तोंडाला पिशवी लावणे, बंद डब्यात श्वास घेणे असले प्रकार तर प्राणघातक आहेत.

अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर

कोणी तुम्हाला ‘संशोधनाचा भाग म्हणून’ हा उपचार देऊ करत असेल, तर या गोष्टी तपासा:

- भारतातील अभ्यासांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया’ (सीटीआरआय) मध्ये असते. नोंदणी क्रमांक मागा. ही नोंद कोणालाही पाहता येते.
- संस्थेच्या एथिक्स समितीची मान्यता आहे का, ते विचारा.
- तुम्हाला कळेल अशा भाषेत, मराठीत, संमतीपत्र मिळाले पाहिजे. ते घरी नेऊन, चार माणसांशी बोलून मग सही करा.
- संशोधनातल्या उपचारासाठी सहभागींकडून पैसे घेऊ नयेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची नीतितत्त्वे सांगतात. ‘पॅकेज’चा दर सांगितला, तर ते संशोधन नव्हे, विक्री आहे.
- ‘एमएसची औषधे बंद करा, मग हे सुरू करू’ असे कोणी म्हटले तर तिथून उठून या.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. एमएसची औषधे नवे झटके रोखतात आणि एआयएच ते काम करत नाही. औषध सोडलेल्या काळात झटका आला, तर गेलेली ताकद पुन्हा मिळेलच असे नाही.

आज चालणे सुधारण्यासाठी काय करता येईल?

बरेच काही करता येते, आणि त्यासाठी मास्कची वाट पाहावी लागत नाही.

*व्यायाम.* एमएसमध्ये विश्रांतीच घ्यावी, हा जुना समज आता मागे पडला आहे. ताकदीचे, तोलाचे आणि दमसास वाढवणारे व्यायाम एमएसमध्ये सुरक्षित असतात आणि चालणे, थकवा व मनःस्थिती यांना मदत करतात. सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, कट्ट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ उभे राहून तोल सांभाळणे, अशा साध्या गोष्टींनीही सुरुवात होते. एका दिवशी खूप करून तीन दिवस झोपून राहण्यापेक्षा रोज थोडे केलेले बरे.

*उष्णता टाळणे.* शरीर तापले की एमएसमध्ये खराब आवरणाच्या तंतूंतून संदेश आणखी मंदावतो. दिसणे, चालणे तात्पुरते बिघडते. याला उथॉफ परिणाम म्हणतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा मुंबईच्या दमट हवेत हे चांगलेच जाणवते. व्यायाम पहाटे करा, पंख्याखाली करा, मानेवर ओला पंचा ठेवा, मध्ये गार पाणी प्या. अंग गार झाले की त्रास सहसा ओसरतो. तो नवा झटका नसतो.

*पावलाचा आधार.* चवडा लोंबत असेल तर घोट्याला लावायचा हलका स्प्लिंट (एएफओ) मिळतो. अडखळून पडणे त्याने कमी होते. काठी वापरायला लाजू नका. पडून खुबा मोडण्यापेक्षा काठी केव्हाही चांगली.

*औषधे.* फॅम्प्रिडिन हे औषध चालण्याचा वेग वाढवण्यासाठीच आहे आणि ते भारतातही मिळते. साधारण तिघांपैकी एकाला त्याचा स्पष्ट उपयोग होतो. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर ते घेता येत नाही. पाय कडक होत असतील तर त्यासाठीही औषधे आहेत. ही सर्व औषधे न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

*अचानक बिघडले तर आधी लघवी तपासा.* दोन दिवसांत चालणे एकाएकी बिघडले, तर अनेकदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा ताप हे कारण निघते. त्यावर उपचार केले की पाय पूर्वपदावर येतात.

*आधार आणि हक्क.* २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट समावेश आहे. तुमच्या त्रासाच्या प्रमाणानुसार प्रमाणपत्र आणि सवलती मिळू शकतात. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई आणि पुण्यातही शाखा आहेत. तिथे हाच रस्ता चाललेली माणसे भेटतात.

न्यूरोलॉजिस्टला विचारायचे प्रश्न

पुढच्या भेटीला जाताना हे लिहून न्या:

- माझा आजार सध्या स्थिर आहे की सक्रिय?
- माझे चालणे मोजून ठेवता येईल का? (२५ फूट चालायला लागणारा वेळ दर भेटीला मोजला, तर खरा फरक कळतो. या वेळात २० टक्के फरक पडला, तर तो महत्त्वाचा मानतात.)
- मला फॅम्प्रिडिन चालेल का?
- मला कोणत्या प्रकारच्या फिजिओथेरपीचा फायदा होईल?
- माझे हिमोग्लोबिन, हृदय आणि झोप यांची तपासणी करायची गरज आहे का?

शेवटी

एआयएच हे थोतांड नाही. त्यामागे चाळीस वर्षांहून अधिक काळाचे शास्त्र आहे आणि उद्या तो एमएसच्या पुनर्वसनाचा भाग होऊही शकेल. पण आज तो संशोधनाच्या खोलीतला उपचार आहे. दिवाणखान्यात करायची ती गोष्ट नाही. आणि उद्या तो सिद्ध झाला, तरी ज्याने व्यायामाची सवय टिकवली आहे, ज्याचे सांधे मोकळे आहेत, औषधे चालू आहेत, त्यालाच त्याचा खरा उपयोग होईल. वाफसा कधी येईल ते आपल्या हातात नाही. शेत तयार ठेवणे मात्र आपल्या हातात आहे, आणि ते काम आजपासूनच सुरू करता येते.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचारात कोणताही बदल करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी बोला.*